वाट करणारा माणूस

मागे एकदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गोव्याहून पुढे कारवारला गेलो होतो. आम्ही म्हणजे ताई, भावोजी, त्यांचे नऊ वर्षांचे चिरंजीव आणि मी. कारवारच्या किनाऱ्यावर 'चपळ' नावाची नौदलाची जुनी क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून ठेवली आहे. भाच्याला अर्थातच त्या बोटीत रस. आत सगळी बटणं दाबून झाली, खोट्या कॅप्टनशी हस्तांदोलन झालं, फोटो झाले, आणि बाहेर आल्यावर जवळच एक पुतळा दिसला. लष्करी गणवेशातला माणूस. मेजर रामा राघोबा राणे, परमवीरचक्र.

मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "हे बघ, हे इथलेच. कारवारजवळच्या चेंडिया गावचे. परमवीरचक्र मिळालंय ह्यांना!"

भाच्याने पुतळ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मामा, ह्यांनी किती शत्रू मारले?"

मी गप्प. खरं सांगायचं तर मला तेव्हा एवढंच ठाऊक होतं की राणे १९४८च्या काश्मीर युद्धात होते आणि त्यांनी सुरुंग काढले होते. मी म्हटलं, "अरे, त्यांनी रस्ता केला."

"रस्ता?" तो म्हणाला. "मग मेडल कशाला?"

ताई हसली. भावोजी हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण हाच प्रश्न मी साधारण त्याच्याच वयाचा असताना विचारला होता. आणि ज्यांना विचारला होता, त्यांना तो किती लागला असेल हे कळायला मला फार वर्षं लागली.

आमच्या घरातल्या मंडळींना नाना आठवत असतीलच. आत्याचे यजमान. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. ६५ आणि ७१, दोन्ही लढायांच्या वेळी नोकरीत. आम्हा पोरांना वाटायचं, एवढा मोठा ऐवज घरात आहे तर गोष्टी किती ऐकायला मिळतील! पण नानांकडे गोष्टच नव्हती.

"नाना, तुम्ही लढाईत काय केलं?"

"रस्ता केला."

"आणि?"

"आणखी रस्ता केला."

बस, संपलं. शेजारच्या एकाचे काका पायदळात होते, ते कसे रांगत जाऊन बॉम्ब फेकून आले ते हातवारे करून सांगायचे. आमचे नाना मात्र रोज सकाळी एक कापडी पिशवी घेऊन गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे आणि वाटेतल्या काचा, खिळे, टोकदार दगड वेचायचे. आम्हाला त्याची लाज वाटायची. एकदा ओसरीवर मित्रांसमोर मी म्हणालो, "आमचे नाना कसले सोल्जर? रस्त्याचं काम करायचे मिलिटरीत. त्याला मेडल थोडंच देतात?" आत नाना चहा पीत बसले होते. ऐकू गेलं होतं. काही बोलले नाहीत. कप विसळला आणि पिशवी घेऊन बाहेर पडले.

असो. तर कारवारहून परत आल्यावर भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं म्हणून राण्यांबद्दल जे मिळेल ते वाचायला घेतलं. बरंच मिळालं.

राण्यांचा जन्म २६ जून १९१८चा. वडील पोलीस शिपाई, त्यामुळे बदल्यांमागे फिरणं. १९३०च्या सुमारास, बारा वर्षांचा असताना, मुलगा गांधीजींच्या चळवळीकडे ओढला जायला लागला. पोलिसाच्या घरात हे कसं चालणार? वडिलांनी कुटुंब परत चेंडियाला आणलं. हाच मुलगा पुढे १९४० साली बॉम्बे इंजिनियर्समध्ये शिपाई म्हणून भरती झाला आणि ब्रह्मदेशाच्या लढाईत गेला. तिथे बुथिडाँगला असताना, सैन्य मागे घेताना पाठीमागची सामग्री नष्ट करण्यासाठी थांबलेल्या लोकांमध्ये राणे होते. काम उरकल्यावर नौदल त्यांना उचलून नेणार होतं. ते काही जमलं नाही. मग जपानी गस्त असलेली नदी आपली आपणच ओलांडून ही माणसं परत आली.

म्हणजे हा माणूस खालून वर आलेला. सेकंड लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळालं १५ डिसेंबर १९४७ला. पुढच्या एप्रिलमध्ये नौशेऱ्याला होते, तेव्हा अधिकारी होऊन जेमतेम चार महिने झाले होते. वय २९.

आता नौशेरा आणि राजौरी. नकाशा काढून बघा, म्हणजे गंमत (गंमत कसली!) कळेल. भिंबर, नौशेरा, चिंगस, राजौरी, ठाणामंडी आणि मग पीर पंजाल ओलांडून काश्मीरचं खोरं. मुघल बादशहा उन्हाळ्यात काश्मीरला जायचे तो हा जुना मार्ग. चिंगसला अजून मुघलांची सराई आहे. जहांगीर १६२७ साली काश्मीरहून परतताना वारला, तेव्हा देह लाहोरपर्यंत टिकावा म्हणून त्याची आतडी इथे पुरली, अशी तिकडे आख्यायिका आहे.

राजौरी नोव्हेंबर १९४७मध्ये पडली होती. तिथल्या आणि आजूबाजूच्या गावांतून जीव वाचवायला आलेल्या हिंदू-शीख लोकांची तिथे मोठ्या प्रमाणावर कत्तल झाली. बायकांनी विषं घेतली. काही माणसं कैदेत उरली होती. फेब्रुवारीत ब्रिगेडियर उस्मान यांच्या माणसांनी नौशेऱ्यावरचा मोठा हल्ला परतवला, मार्चमध्ये झांगर परत घेतलं, आणि एप्रिलमध्ये राजौरीकडे निघायचं ठरलं.

निघायचं म्हणजे कसं? डोंगराला बिलगून जाणारा एकच रस्ता. त्यावर शत्रूने पाइनची झाडं आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या, कडेचे बांध फोडलेले, आणि जिथे जिथे थांबावं लागेल तिथे सुरुंग पेरलेले. वर टेकड्यांवर मशिनगन. रणगाडे डोंगर चढू शकत नाहीत, रस्ता सोडून जाऊ शकत नाहीत. रणगाड्यांशिवाय पायदळ पुढे गेलं तर फार माणसं पडणार. आणि रस्ता झाल्याशिवाय मागून रसद येणार नाही. थोडक्यात, सगळी मोहीम ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका छोट्या तुकडीच्या हातांवर येऊन थांबली. त्या तुकडीचे म्होरके सेकंड लेफ्टनंट राणे.

त्यांच्या परमवीरचक्राबरोबरचं गौरवपत्र मी वाचलं. मला वाटलं होतं, जरा अलंकारिक काहीतरी असेल. आहे तसं थोडंसं, पण मुख्यतः ती एक वेळांची यादी आहे! चार दिवसांचं वेळापत्रक. माझ्या शब्दांत सांगतो.

८ एप्रिल, सकाळी ११. २६व्या मैलाजवळ, नादपूरच्या दक्षिणेला, तुकडी रणगाड्यांशेजारी कामाची वाट बघत उभी. उखळी तोफांचा मारा सुरू होतो. दोघे जण जागीच ठार, पाच जखमी. त्या पाचांत राणे. काम अजून सुरूसुद्धा झालेलं नाही! राणे उरलेली माणसं पुन्हा उभी करतात आणि कामाला लागतात. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवालीची टेकडी हातात येते. आसपास शत्रू अजून आहेच. तरी राणे माणसं घेऊन पुढे जातात आणि रणगाड्यांसाठी बगलरस्ता करायला घेतात. रात्री १० पर्यंत, मशिनगनच्या माऱ्यात.

९ एप्रिल. सकाळी ६ला पुन्हा सुरू. दुपारी ३ला तो बगलरस्ता तयार. रणगाडे निघतात, राणे सगळ्यात पुढच्या गाडीत. अर्ध्या मैलावर झाडं आडवी. उतरायचं, स्फोटकं लावायची, उडवायची, चढायचं. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. ५ वाजता उडवलेली मोरी, वरून गोळीबार. तिथेही वाट काढली. सव्वासहाला, उजेड जाताना, पाच मोठाली पाइनची झाडं, भोवती सुरुंग आणि त्यावर मशिनगनचा रोख. राणे तिथेही सुरुंग काढायला बसलेच होते, पण कमांडरने रणगाडे रात्रीपुरते आडोशाला घेतले.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाच. पुन्हा तीच पाच झाडं. साडेसहाला अडथळा मोकळा. त्यापुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची रांगच. साडेदहाला तेही मोकळे. रणगाडे तावी नदीच्या पात्रात उतरून पुढे गेले आणि दुपारी २ला चिंगसला पोचले.

इथे मी थांबलो. रणगाडे पोचले ना? काम झालं की! दोन दिवस जखम घेऊन काम करणाऱ्या माणसाने आता बसायला कोणाची हरकत होती? पण मागून रसदीच्या गाड्या यायच्या होत्या आणि त्या नदीच्या पात्रातून येणार नव्हत्या. राणे खाणंपिणं, विश्रांती काही न घेता रात्री ९ पर्यंत मागचा रस्ता साफ करत राहिले. ११ एप्रिलला सकाळी ६ला पुन्हा सुरू, ११ला चिंगसपर्यंतचा रस्ता पूर्ण, आणि त्यानंतर पुढचा रस्ता, रात्री १० पर्यंत.

मी कागदावर बेरीज केली. चार दिवसांत पंचावन्न तासांच्या आसपास काम.

१२ एप्रिलला सैन्य राजौरीत शिरलं. फार लोकांसाठी उशीर झाला होता. सामूहिक कबरी सापडल्या. पण जे उरले होते, कैदेत होते, त्यातले शेकडो सुटले. त्यांच्यासाठी त्या रस्त्यावरचा एकेक तास कसा होता याचा विचार करा. पाइनची पाच झाडं पहाटे साडेसहाऐवजी संध्याकाळी हटली असती तर?

राण्यांबद्दल एक गोष्ट सैन्यात फार सांगितली जाते. गोळीबारात पुढे जाता येईना, तेव्हा ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले, दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत रांगत, आणि दोरीने चालकाला इशारे देत रणगाडा पुढे नेला. सिनेमात शोभेल अशी गोष्ट. भाच्याला मी हीच आधी सांगितली आणि तो खूश झाला. मलाही आवडते. पण खरं सांगू? मला ती वेळांची यादी जास्त हलवून गेली.

कारण सुरुंग काढणं म्हणजे काय, याचा विचार आपण करत नाही. त्या काळी डिटेक्टर होते, पण शेवटी भिस्त हातांवर. पोटावर पडायचं. संगीन तिरकी धरून जमिनीत हलकेच खुपसायची, काही कठीण लागतंय का बघायचं. नाही लागलं तर चार बोटं पुढे. पुन्हा. लागलं तर बाजूने माती हाताने सारायची, सावकाश, कारण त्याच्या खाली आणखी काही लावून ठेवलेलं असू शकतं. साफ झालेल्या पट्टीला पांढरी फीत लावायची, म्हणजे मागच्याला कळेल पाऊल कुठे टाकायचं. हे सगळं घाई न करता! वरून गोळ्या येत असताना, शेजारचा मेलेला असताना, स्वतःच्या अंगातून रक्त येत असताना. अंगात वारं शिरल्यासारखं धावत सुटणं मला समजू शकतं. माणूस रागात, भीतीत, आवेशात तसं करून जातो. पण गोळीबारात हात न थरथरू देता माती बाजूला करत राहणं, आणि रात्री झोपून पहाटे पावणेपाचला उठून पुन्हा त्याच जागी पोटावर पडणं... रात्रभर विचार करायला वेळ मिळालेला असताना! हे मला अजून नीट समजत नाही.

परमवीरचक्र २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झालं आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू केलं गेलं. त्या पहिल्या युद्धात ते पाच जणांना मिळालं. सोमनाथ शर्मा, जदुनाथ सिंग आणि पिरू सिंग यांना मरणोत्तर, तर करम सिंग आणि राणे यांना जिवंतपणी. जिवंतपणी परमवीरचक्र मिळालेले पहिले म्हणून राण्यांचं नाव घेतलं जातं. आजवर एकवीस जणांना ते मिळालंय. पदकाचं डिझाइन सावित्रीबाई खानोलकरांचं. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ही मुलगी विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इकडची झाली, इतकी की पुराणं तिला आपल्यापेक्षा जास्त पाठ! पदकावर तिने इंद्राची चार वज्रं घातली. वज्र म्हणजे दधीची ऋषींच्या हाडांचं. दुसऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून स्वतःचा देह दिलेल्या माणसाची खूण. राण्यांच्या छातीवर ती किती शोभत असेल!

पुढे राणे मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ला पुण्यात वारले. १९८४ साली शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं गेलं. २०२३मध्ये अंदमानातल्या एकवीस बेटांना परमवीरांची नावं दिली, त्यात एक राण्यांचं. कारवारचा पुतळा २००६चा.

आता नानांकडे वळतो. ते सांगितल्याशिवाय हे लिहून पूर्ण होणार नाही.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. पावसाळ्यात आम्ही नानांबरोबर शेतावर चाललो होतो. अरुंद पायवाट, दोन्हीकडे गुडघाभर गवत. नाना नेहमी पुढे चालायचे आणि म्हणायचे, "माझ्या पावलावर पाऊल." आम्ही त्याचा खेळ केला होता. त्या दिवशी मला कंटाळा आला आणि मी वाट सोडून गवतात उडी मारली. नाना वळले. तोपर्यंत ज्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, त्यांनी मला ओढून एक सणसणीत थोबाडीत दिली. मी रडायला लागलो. आणि मग नाना मटकन खाली बसले. चिखलात. त्यांचे हात थरथरत होते. आत्या धावत आली आणि मला न समजावता त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला फार राग आला होता. मार मी खाल्ला आणि समजूत त्यांची!

ओसरीवरचा तो प्रसंग त्यानंतरचा. आता वाटतं, मी जे बोललो त्यात त्या थोबाडीचा रागही असणार.

नानांनी त्या गवतात काय पाहिलं असेल, ते मला कधीच कळणार नाही. विचारायला ते नाहीत, आत्याही नाही. त्यांना पदक वगैरे काही मिळालं नव्हतं. पण राण्यांची ती यादी वाचताना पहिल्यांदा मला नानांचं "आणखी रस्ता केला" पूर्ण ऐकू आलं. ते टाळत नव्हते. चार शब्दांत सगळंच सांगत होते, ऐकणाऱ्याला कळत नव्हतं. आणि रोज सकाळची ती पिशवी... मागून येणाऱ्याच्या पायाला काही लागू नये, हे ज्याच्या अंगात भिनलंय तो माणूस निवृत्त होऊन तरी दुसरं काय करणार?

राण्यांच्या गौरवपत्रात मारलेल्या शत्रूंचा आकडा नाही. मैल आहेत, यार्ड आहेत, तास आहेत. पदक त्याचंच आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर एका रविवारी भाच्याला फोन केला. म्हटलं, "तू विचारलं होतंस ना, किती मारले म्हणून? तुझा प्रश्न चुकला होता. माझाही चुकला होता, तुझ्याएवढा असताना. किती जण त्यांच्या मागून चालत गेले, ते विचार."

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "किती?"

"सगळे," मी म्हटलं.

"म्हणजे रणगाडेपण?"

"रणगाडेपण."

त्याला ते पटलं असावं, कारण लगेच त्याने आईला हाक मारून सांगितलं. मग मी त्याला नानांची गोष्ट सांगितली. गवताची, थोबाडीची आणि ओसरीवरचीसुद्धा. शेवटची सांगताना जरा अडखळलो. ते वाक्य मी आजवर कोणापाशी बोललो नव्हतो.

तो म्हणाला, "मामा, मग तू सॉरी म्हणालास का त्यांना?"

नाही म्हणालो. म्हणून हे लिहिलं.